शास्त्रीबुवांचं पान

"पण ज्या पोथीत पानोपानी आपल्याला शिव्याच आहेत, ती वाचायची तरी कशाला, माई?"

कमळाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून वर पाहिलं नाही.

"शिव्या आहेत, हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात."

"त्यांनी वाचलीय?"

 मठात ती पोथी कुणी उघडत नाही, हे मोरेश्वरालाही ठाऊक होतं.

"लिहिणारा कोण होता हे कळलं की पुरे आहे," तो म्हणाला.

"कोण होता?"

"आपला वैरी."

कमळाईंनी एक खडा शोधला, बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि बाजूला टाकला.

हातणीच्या डोंगरावरचा तो मठ थोरल्या बाबांनी उभा केलेला. शिकवण साधी होती. घर म्हणजे दोर, बाबा म्हणत, कापा आणि वर या. दीक्षेच्या दिवशी माणसाच्या मनगटाला सुती दोर बांधत, त्याचं दुसरं टोक उंबऱ्याच्या कडीला अडकवत, आणि तो दोर दीक्षा घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं कापायचा. बाबा गेल्यावर गादी कमळाईंकडे आली. त्या आता पुष्कळ म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण पाठ ताठ होती.

डोंगराच्या पायथ्याला खालगाव. तिथल्या व्यंकटशास्त्र्यानं या शिकवणीवर खंडन लिहिलं होतं. शास्त्री मरून जमाना लोटला, तरी त्याची पोथी खालच्या गावांतून अजून घरोघर होती. मठातला माणूस झोळी घेऊन दारात गेला की कुणीतरी त्यातलं एखादं वाक्य तोंडावर फेकायचं आणि मग पीठ घालायचं. कधी घालायचंही नाही.

मोरेश्वराला एका बाईनं दारातच विचारलं होतं, "दुसऱ्या टोकाचं काय, महाराज?" आणि ती हसली होती.

त्याला त्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता. हसणं मात्र डोक्यात राहिलं. मठात त्याच्याइतका तल्लख कुणी नव्हता, आणि हे सगळ्यात आधी त्यालाच पटलेलं होतं. डोंगरावर परत आल्याबरोबर तो शास्त्र्याच्या पोथीला उत्तर लिहायला बसला. आता उत्तर लिहून झालं होतं. पुनवेला त्याची दीक्षा होती. दीक्षा झाली की खालगावच्या देवळात, भर सभेत, ते वाचून दाखवायचं त्याच्या मनात होतं. माईंचा होकार तेवढा हवा होता.

"आणलंयस?" कमळाईंनी विचारलं.

"आणलंय."

"वाच मग. पण आधी त्यांचं म्हणणं सांग. तुझं नंतर."

रीत तशीच होती. वादाला उभं राहणाऱ्यानं आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. मग स्वतःचा उत्तरपक्ष. मोरेश्वरानं कागद सारखे केले आणि घसा खाकरला.

दुपारचं ऊन अंगणात उभं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. ओसरीवर कमळाईंच्या समोर, दोन हातांवर, एक रिकामा पाट मांडलेला होता. त्याच्यापुढे पत्रावळ. पत्रावळीवर भात, वरण, मिठाची चिमूट. ते पान रोज दुपारी तिथं वाढलं जाई, आणि कमळाई रोज दुपारी त्याच्यासमोर बसत. ते थोरल्या बाबांचं पान, असं मठात सगळे समजत. मोरेश्वर पाटाच्या बाजूला, जमिनीवर बसला होता.

"पूर्वपक्ष," त्यानं वाचायला सुरुवात केली. "व्यंकटशास्त्री म्हणतो, घर सोडून जाणारे आळशी असतात. त्यांना कष्ट नकोत, म्हणून ते डोंगर चढतात. तो म्हणतो, थोरल्या बाबांनी लोकांना भुलवलं. तो म्हणतो..."

कमळाईंनी हात वर केला.

त्या मोरेश्वराकडे बघत नव्हत्या. रिकाम्या पाटाकडे बघत होत्या. जरा वर, माणूस बसला असता तर जिथं त्याचा चेहरा आला असता, तिथं.



"नाही म्हणतात," कमळाई म्हणाल्या.

"कोण?"

"मी असं म्हणालोच नव्हतो, म्हणतात."

"कोण म्हणतं, माई?"

"ज्यांचं म्हणणं तू वाचतोयस ते."

मोरेश्वराच्या हातातले कागद खाली आले. त्यानं पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा होता. भातातून वाफ निघत होती.

"हे... हे पान थोरल्या बाबांचं ना?"

"हेही सगळेच सांगतात?"

त्यानं कागद मांडीवर ठेवले.

"शास्त्रीबुवांचं पान आहे हे," कमळाई म्हणाल्या, "ते गेल्याचं कळलं त्या दिवसापासून."

"वैऱ्याला पान?"

"तुझं उत्तर कितीही चांगलं असू दे, मोरेश्वरा. आधी त्यांचं म्हणणं असं सांग की ऐकताना त्यांनी मान हलवली पाहिजे. ते हो म्हणाले की मी हो म्हणेन."

"मेलेला माणूस मान कशी हलवेल?"

कमळाईंनी निवडलेले तांदूळ सुपात ओतले.

"पोथी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आहे," त्या म्हणाल्या.

मोरेश्वर तिथून उठला तो संतापून. एवढी वर्षं बायामाणसं त्या पानाला नमस्कार करून जात होती. त्यानं स्वतः केला होता. स्वयंपाकघरात भिकोबा चुलीपुढे बसला होता. भिकोबा मठातला सगळ्यात जुना माणूस. ते पान रोज तोच वाढायचा आणि दुपार टळली की तोच उचलायचा.

"तुम्हांला ठाऊक होतं?" मोरेश्वरानं विचारलं.

"होतं."

"आणि तरी वाढता?"

"माई सांगतात म्हणून वाढतो." भिकोबानं लाकूड पुढे सारलं. "मी काही विचारत नाही. तूही विचारू नकोस. फक्त त्या पाटावर बसू नकोस कधी."

"का?"

भिकोबानं फुंकणीनं जाळ मोठा केला.

"त्या पानाला कावळा शिवत नाही," तो म्हणाला. "कुत्रंही नाही. अंगणात कुत्री आहेत, तुला दिसतात ना? ती लांबून जातात. मी उचलायला जातो तेव्हा अन्न तसंच असतं... पण भाताला एका बाजूनं खळगा पडलेला असतो. कुणी वरणासाठी आळं करावं तसा."

"माई करत असतील."

"माई जागच्या उठत नाहीत. मी बघतो ना इथून."

मोरेश्वर हसला. हसू नीट आलं नाही. त्यानं कोनाड्यातून पोथी काढली. जाड लाल फडक्यात बांधलेली होती. फडक्याची गाठ सैल होती, वरचेवर सोडणाऱ्याच्या हातची असावी तशी.

पोथी घेऊन तो मठामागच्या कातळावर गेला आणि वाचायला लागला.

पहिल्या काही पानांतच त्याचा जीव भांड्यात पडला. शिव्या होत्या. लोक सांगत होते ते खरंच होतं. थोरले बाबा गांजेकस होते, असं शास्त्र्यानं लिहिलं होतं. ते कुठल्याशा गावातून चोरी करून पळाले होते, असंही होतं. मठात बायकांना कोंडून ठेवतात, उपाशी ठेवतात. मोरेश्वर वाचत होता आणि मनातल्या मनात खुणा करत होता. हे खोटं. हेही खोटं. याला साक्षीदार आहेत. हे तर हातोहात पाडता येईल. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो पोथी घेऊनच कमळाईंकडे आला. त्या तुळशीला पाणी घालत होत्या.

"माई, खोटं आहे सगळं."

"कुठपर्यंत आलास?"

"बायका कोंडतात तिथपर्यंत."

"ते खोटंच आहे," कमळाई म्हणाल्या. "मला कुणी कोंडलं नव्हतं."

"मग? इतकं खोटं लिहिणाऱ्या माणसाचं पुढचं तरी का वाचायचं?"

कमळाईंनी तांब्या खाली ठेवला.

"रागावलेला माणूस आधी हाताला लागेल ते फेकतो," त्या म्हणाल्या. "फेकायचं संपलं की बोलतो. तू अजून तिथं पोचला नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा कातळावर जाऊन बसला. उन्हं वर येत गेली. शिव्या संपत आल्या होत्या, किंवा लिहिणारा दमला होता. पोथी शास्त्र्याच्या स्वतःच्या हातची असावी, कारण एका पानावर अक्षरच बदललं. वळणदार, दाबून काढलेलं अक्षर गेलं आणि साधं, थोडं तिरपं अक्षर आलं. माणूस बैठक मोडून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागला असावा.

तिथं असं लिहिलं होतं.

'त्या दिवशी दुपारी ती म्हणाली, मी वर जाऊ का? मी ग्रंथ लावत बसलो होतो. मला वाटलं, वर म्हणजे माडीवर. मी काही बोललो नाही. न्हाणीत पाणी तापत होतं. ते उकळलं, आटलं, भांड्याचा जळका वास घरभर झाला, तेव्हा मी उठलो. तेव्हा मला कळलं की घरात कुणी नाही. माझी कमळा डोंगरावर गेली.'

मोरेश्वरानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

खाली मठाच्या अंगणात कमळाई ऊन चुकवून ओसरीला बसल्या होत्या. एवढ्या लांबून त्या लहान दिसत होत्या.

तो पुढे वाचायला लागला.

'तिनं मठात सांगितलं की घरी परवानगी मागितली आणि मिळाली. मी गप्प होतो, ती माझी परवानगी. तुमच्या बाबांनी ती मान्य केली. तुम्ही घराला दोर म्हणता. घर म्हणजे भिंती नव्हेत, मी. म्हणजे दोर मी. दोराला दोन टोकं असतात. तुम्ही तुमच्याकडचं टोक कापलंत आणि मोकळे झालात. दुसऱ्या टोकाचं काय केलंत? ते माझ्या हातात आहे. ते कुठं बांधू? ज्याला सोडलं त्याला विचारल्याशिवाय सोडणं पुरं होतं का, हे तुमच्या बाबांच्या एका तरी वचनात दाखवा. मी आकसानं विचारतो आहे. आकसानं विचारलं म्हणून विचारलेलं खोटं ठरत असेल तर तसं सांगा, म्हणजे मी गप्प बसेन.'

मोरेश्वराला एकदम थंडी वाजली. कातळ तापलेला होता, घाम येत होता, आणि थंडी वाजत होती.

त्याची बायको तुळसा. तो निघाला त्या दिवशी ती अंगणात दाणे पाखडत होती. तो म्हणाला होता, मी जातो. सूप थांबलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. सूप थोडा वेळ तसंच हवेत राहिलं, आणि मग पुन्हा हलायला लागलं. तेवढंच. तो निघाला. डोंगरावर आल्यावर बाकीच्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, घरून आनंदानं निरोप मिळाला. इतक्या वेळा सांगितलं की त्यालाही ते तसंच आठवायला लागलं होतं.

आता सुपाचा आवाज त्याला कानाशी ऐकू आला. सर्र. सर्र. मग थांबला...

त्यानं मागे वळून पाहिलं. कातळावर दुसरं कुणी नव्हतं.

गाठ न मारताच त्यानं पोथी फडक्यात गुंडाळली. तसंच ते गाठोडं छातीशी धरून तो खाली उतरला. डोक्यात एकच होतं, हे ज्या शब्दांत आहे त्या शब्दांत माईंपुढे मांडायचं. काही गाळायचं नाही. काही हलकं करायचं नाही. उत्तराचा विचार त्याला सुचतच नव्हता.

ओसरीवर येऊन तो कमळाईंच्या समोर बसला.

"वाचलीस?"

"वाचली."

"सांग."

"पूर्वपक्ष," मोरेश्वर म्हणाला.

या वेळी हातात कागद नव्हते. तो सावकाश बोलत गेला. जळक्या भांड्याचं सांगितलं. गप्प राहण्याचं सांगितलं. दोराला दोन टोकं असतात, हे सांगितलं. 'शास्त्री म्हणतो' असं म्हणून तो सुरुवात करत होता. मग ते 'शास्त्रीबुवा म्हणतात' असं झालं. मग पुढे कुठंतरी ते 'म्हणतात' गळून पडलं, आणि तो नुसताच बोलायला लागला.

"...तुम्ही म्हणता, मला वर जायचं होतं. जा. मी अडवणारा कोण? पण जाताना मला दोर म्हणून गेलात. मी माणूस होतो. दोराला दुखतं का, हे दोराला कुणी विचारत नाही, म्हणून मला दोर केलंत. तुम्हांला ते सोयीचं होतं..."

कमळाई ऐकत होत्या. त्यांचे डोळे मोरेश्वराच्या चेहऱ्यावर होते आणि ते मिटत नव्हते.

भिकोबा स्वयंपाकघरातून पान घेऊन आला. ओसरीच्या कडेला तो थबकला. त्याच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. कमळाईंनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. त्यानं पत्रावळ मोरेश्वरापुढे ठेवली आणि मागं मागं सरकत तो दारात जाऊन उभा राहिला.

मोरेश्वराला ते कळलंच नाही. त्याचा आवाज खाली गेला होता. त्या आवाजाला एक घोगरेपणा आला होता, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला असतो तसा.

"...मी आधी माडीवरच गेलो, कमळे. तू तिथं असशील म्हणून. जिन्यात तुझं एक जोडवं पडलं होतं. जिना उभा, उतरताना दोन्ही हात कठड्याला लागायचे. मी ते दातांत धरलं आणि खाली आलो. मग काढायचं सुचलंच नाही. दिवेलागणीपर्यंत मी ते तोंडात धरून बसलो होतो. शेजारचे आले, काय झालं विचारायला लागले. तोंड उघडता येईना. त्यांना वाटलं, शास्त्र्याची वाचा गेली..."

तो थांबला.

 अंगणातली कुत्री उठून उभी राहिली होती.

कमळाईंनी बसल्या जागी पाय जवळ ओढून घेतले आणि पदराखाली झाकले.

"हे पोथीत नाही," त्या म्हणाल्या.

मोरेश्वरानं मान हलवली. नाही.

"मग कुठं वाचलंस?"

"मला... मला ठाऊक नाही, माई."

त्याच्या तोंडात चांदीची चव होती. लहानपणी गळ्यातला ताईत चघळायचा तेव्हा यायची तशी, गार, थोडी खारट. त्यानं आवंढा गिळला. चव गेली नाही.



"आता उत्तरपक्ष," कमळाई म्हणाल्या.

 मोरेश्वराला स्वतः लिहिलेलं सगळं पाठ होतं. एक एक मुद्दा त्याच्या मनात आला, आणि समोर बसलेल्या या म्हाताऱ्या बाईकडे पाहिल्यावर तो मागे गेला. आळशी नाही आम्ही. कुणी भुलवलं नाही. कुणी कोंडलं नाही. ही सगळी उत्तरं बरोबर होती आणि त्यांतलं एकही या प्रश्नाचं नव्हतं.

"नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

"बरं."

"त्यांनी... मान हलवली का?"

"मला काय विचारतोस?" कमळाई म्हणाल्या. "त्यांच्या पाटावर तू बसला आहेस."

मोरेश्वरानं खाली पाहिलं.

तो पाटावर बसला होता. पुढे पत्रावळ होती. त्याच्या उजव्या हाताची बोटं भातात होती आणि भाताला एका बाजूनं आळं केलेलं होतं.

तो ओरडला नाही. हात काढून घ्यावासा वाटला, तेही त्याला लगेच जमलं नाही. शेवटी भिकोबानं येऊन त्याचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला.  त्यानं तांब्यानं पाणी घातलं आणि मोरेश्वराचा हात लहान मुलाचा धुवावा तसा धुतला.

पुनवेला दोर बांधला गेला नाही. मठात कुजबुज झाली. एवढा हुशार पोरगा, पोथी वाचली आणि बिघडला, असं कुणी म्हणालं. म्हणूनच ती वाचायची नसते, असंही कुणी म्हणालं. मोरेश्वर त्या दिवसांत कुणाशी फारसा बोलला नाही. जेवायचा कमी. तोंडातली चव हळूहळू विरत गेली, तरी सकाळी उठल्या उठल्या जिभेला ती थोडी लागायचीच.

मग एक दिवस, न्याहारी झाल्यावर, तो कांबळं खांद्यावर टाकून कमळाईंकडे आला.

"खाली जातो."

"कुठं?"

"घरी. तुळसेकडे."

"राहायला?"

"ठाऊक नाही. विचारायला. तेव्हा ती बोलली नाही, आणि मी थांबलो नाही."

"ती तुला घरात घेईलच असं नाही."

"नाही घेतलं तर दारात बसेन."

"पुष्कळ बोलेल. तू केलं नाहीस तेही केलंस म्हणेल."

"म्हणू दे. मी मध्ये बोलणार नाही."

कमळाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हात पुढे केला.

"ते तुझे कागद?"

त्यानं उत्तराचे कागद कांबळ्यातून काढून दिले. ते चुलीत जातील असं त्याला वाटलं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही. कमळाईंनी कोनाड्यातली पोथी मागवली, लाल फडकं सोडलं, आणि ते कागद पोथीखाली सारखे करून ठेवले. मग दोन्हींवर मिळून एक गाठ मारली.

"हे कशाला, माई? चुकीचं आहे ते."

"त्यांना वाचू दे."

मोरेश्वरानं वाकून नमस्कार केला. अंगण ओलांडून तो पायऱ्यांपाशी गेला. तिथून डोंगराची वाट खाली उतरते आणि खालगावची छपरं दिसतात. सकाळची वेळ होती. घराघरांतून धूर निघत होता.

तो तिथंच उभा राहिला. मग परत फिरला. कमळाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"एक विचारू, माई?"

"विचार."

"ती पोथी तुम्ही पहिल्यांदा वाचलीत तेव्हा शास्त्रीबुवा जिवंत होते?"

"होते."

"दुसरं टोक त्यांच्या हातात आहे, हे तुम्ही वाचलंत. आणि तरी... तरी तुम्ही परत गेला नाहीत?"

 कमळाई खाली त्या धुराकडे बघत होत्या. एक हात लाल फडक्यावर होता...

"गेले होते," त्या म्हणाल्या. "दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी, आणि आत, चुलीपाशी, मीच बसले होते."